खाजणातले कोल्हे : साष्टी बेटावरील रानटी श्वानकुलाची हकीकत

मराठीत 'रानकुत्रा' हा शब्द काटेकोरपणे एकाच प्राण्यासाठी वापरला जातो आणि तो प्राणी म्हणजे कोळसुंदा. परंतु प्राणिशास्त्र ज्याला श्वानकुल म्हणते त्या कुळात लांडगा, कोल्हा, खोकड, कोळसुंदा आणि गल्लीतला गावठी कुत्रा हे सगळेच येतात, आणि जगभरात या कुळाच्या पस्तीसहून अधिक जाती मानल्या जातात. तरस दिसायला कितीही कुत्र्यासारखा वाटला तरी तो या कुळातला नव्हे. त्याचे नाते मांजर आणि मुंगूस यांच्याशी अधिक जवळचे आहे. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड हा उपनगरांचा पट्टा ज्या साष्टी बेटावर वसला, त्या बेटावर या कुळातले कोण टिकले आणि नेमके कोठे टिकले, हा प्रश्न मुंबईच्या इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे. बेटाच्या मध्यभागी शंभर चौरस किलोमीटरांचे राखीव जंगल असल्यामुळे उत्तर तेथेच सापडेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ते जंगलाच्या बाहेर, खाडीकाठच्या चिखलात सापडते.

महाराष्ट्रातील रानटी श्वानांची पहिली शास्त्रीय नोंद मुंबईच्या लष्करात नोकरी करणाऱ्या एका अधिकाऱ्याने केली. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर म्हणून १८२४ पासून दख्खनभर फिरत होता. पिके, हवामान आणि लोकसंख्या यांची माहिती गोळा करणे हे त्याचे सरकारी काम होते आणि पशुपक्ष्यांची टिपणे ठेवणे हा त्याचा छंद होता. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३१ मध्ये त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची जी यादी मांडली, तिच्यात मराठ्यांचा 'कोळसून' त्याने 'कॅनिस डुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा श्वान, या नावाने नोंदवला. लांडग्याला फिकट पायांवरून 'पॅलिपस' हे नाव दिले, जे भारतीय लांडग्याच्या उपजातीला आजही चालते. आणि खोकडाला तर त्याने थेट मराठी शब्दावरूनच 'कॅनिस कोक्री' म्हटले. खोकडाला शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने १८०० मध्येच 'बेंगालेन्सिस' हे नाव दिलेले असल्यामुळे, अगोदरचे नाव ग्राह्य धरण्याच्या नियमानुसार साइक्सचे नाव मागे पडले, अन्यथा एक गावरान मराठी शब्द लॅटिन नामावळीत कायमचा रुजला असता. हाच साइक्स पुढे १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, परंतु त्याच्या अध्यक्षपदापेक्षा त्याची ही यादी अधिक काळ कामी आली आहे.

साइक्सला कोळसुंद्याचा चेहरा कोल्हा, खोकड वा लांडगा यांपैकी कोणासारखाही वाटला नाही. त्याला आठवला तो एखादा ओबडधोबड, खुनशी मुद्रेचा इराणी ग्रेहाउंड. त्याचे हे निरीक्षण रास्त होते. पालास या निसर्गशास्त्रज्ञाने हीच जात १८११ मध्ये सायबेरियाकडील प्राण्यावरून 'अल्पिनस' या नावाने नोंदवलेली होती, आणि नेपाळात राहणाऱ्या ब्रायन हॉजसनने १८३८ मध्ये तिच्यासाठी 'क्युऑन' ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे अनेक जातींना सामावणारी वरची पायरी, निर्माण केली. यामागे दातांचा हिशेब आहे. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्या तोंडात ४२ दात असतात, तर कोळसुंद्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एक दाढ कमी असल्याने त्याचे दात ४० भरतात. ब्राझीलच्या जंगलातील आखूड पायांच्या बुश डॉगचे दात आणखी कमी, ३८, तर आफ्रिकेतील वाळवीखाऊ, मोठ्या कानांच्या खोकडाचे ४६ किंवा त्याहून जास्त. मांस फाडणे हेच ज्याचे मुख्य काम त्याला चघळण्याच्या दाढा कमी पुरतात, आणि जो किडे चावून खातो त्याला जास्त लागतात. याचाच अर्थ असा की कोळसुंदा हा जवळजवळ पूर्णपणे मांसावर जगणारा आणि कळपाने शिकार करणारा श्वान आहे. त्याला चितळ-सांबरांचे कळप लागतात आणि त्यांच्या मागे फिरायला तुटक न झालेले रान लागते. आफ्रिकेतील ठिपक्याठिपक्यांच्या रानकुत्र्याची, लायकॉनची, गोष्टही हीच असून त्याची संख्या आता सुमारे ६,६०० इतकीच उरली आहे.

कोळसुंद्याविषयी महाराष्ट्रातील रानावनांत एक समजूत रूढ आहे, ती अशी की तो शेपटीवर मूत्र घेऊन ते वाघाच्या डोळ्यांत उडवतो आणि वाघाला आंधळा करतो. शास्त्राला हे मान्य नाही. मात्र वाघाने टोळीला बिचकून बाजूला व्हावे इतका या प्राण्याचा दरारा होता, एवढे या समजुतीवरून निश्चित कळते. भुंकण्याऐवजी शीळ घालून तो टोळीला हाक देतो, यामुळे त्या दराऱ्यात गूढाची भर पडली. इंग्रजी अमदानीतील शिकारी मात्र त्याला शिकार पळवणारा उपद्रवी म्हणून ओळखत आणि सरकार त्याच्या कातड्यावर बक्षीस देई. ही पद्धत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत चालू राहिली. आज कोळसुंदा ताडोबा, मेळघाट आणि सह्याद्रीच्या दक्षिणेकडील जंगलांत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तो नाही, आणि चारही बाजूंनी वस्तीने वेढलेल्या त्या जंगलात तो स्वतःहून परतण्याची वाटही उरलेली नाही.

कोल्ह्याची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. ८ ते ११ किलो वजनाचा, जोडीने राहणारा हा प्राणी उंदीर, खेकडे, मासे, जमिनीवरील पक्ष्यांची अंडी, मेलेले जनावर, बोरे आणि करवंदे असे हाताला लागेल ते खातो. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण चेष्टेने रूढ झाली असली तरी प्राण्याच्या आहाराचे तिच्यातील निरीक्षण अचूक आहे. संस्कृतात त्याला शृगाल, जंबुक, गोमायु, क्रोष्टु अशी अनेक नावे असून 'कोल्हा' हा शब्द प्राकृतातील 'कोल्हुअ'शी जोडला जातो. इंग्रजीतील 'जॅकल' हा शब्दही फारसी 'शगाल'मधून तुर्की-फ्रेंच वळणे घेत गेलेला असल्याने शृगालाचाच दूरचा भाऊबंद ठरतो. मादीला किंवा एकट्याने ओरडणाऱ्या कोल्ह्याला मराठीत 'भालू' म्हणत आणि भालूचे ओरडणे अशुभ समजत. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे दोघे कोल्हेच, आणि त्यांच्याच नावांवरून त्या ग्रंथाच्या अरबी अवताराला 'कलीला व दिम्ना' हे नाव मिळाले. दत्ताच्या पायाशी कुत्रे असतात, भैरवाचे वाहन कुत्रा असते आणि खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेतो. कोल्ह्याच्या वाट्याला मात्र लबाडी आणि स्मशान एवढेच आले. मराठी माणसाने एकाच कुळातील दोन भावांना इतकी वेगळी वागणूक द्यावी याचे कारण बहुधा हे असावे की एकाने उंबरठा ओलांडला आणि दुसरा गावाबाहेर थांबला.

आपल्या कोल्ह्याचे शास्त्रीय नाव 'कॅनिस ऑरियस', म्हणजे सोनेरी श्वान, असे असून ते लिनियसने १७५८ मध्ये दिले. आफ्रिकेतील अशाच दिसणाऱ्या प्राण्यालाही पुढची अडीचशे वर्षे तेच नाव लावले जात होते. २०१५ मध्ये जनुकांच्या तपासणीतून तो कोल्हा नसून लांडग्यांच्या अधिक जवळची वेगळी जात असल्याचे दिसून आले. तेव्हापासून खऱ्या सोनेरी कोल्ह्याचे क्षेत्र आग्नेय युरोपापासून भारत आणि त्यापलीकडे ब्रह्मदेश-थायलंडपर्यंतचे मानले जाते.

साष्टीत त्याला जागा मिळाली ती भूमीच्या विशिष्ट रचनेमुळे. बेटाच्या मधोमध कान्हेरीच्या डोंगररांगा, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला वर्सोवा, मालाड, मनोरी आणि गोराईच्या खाड्या, आणि डोंगर व पाणी यांच्यामध्ये भरतीखाली जाणारी खाजणे, असा हा प्रदेश होता. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याची, तिवरे वाढणारी दलदल; तिला बांध घालून आत भाताची खाचरे काढण्याच्या पद्धतीला खारबंदिस्ती म्हणतात, आणि उधाणाचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हात आटवण्याच्या जागेला आगर किंवा मिठागर. आगरी समाजाचे नाव या आगरावरूनच आले आहे. १५३४ पासून पोर्तुगीज, १७३७-३९ पासून मराठे आणि १७७४ पासून इंग्रज असे धनी बदलत गेले, तरी खाजण, बांध आणि आगर यांची मांडणी फारशी बदलली नाही. पावसाळ्यानंतर मिठागर चालू झाले की दिवसा तेथे माणसांची वर्दळ असते, रात्री कोणी नसते, बांध कोरडा असतो आणि ओहोटीनंतर चिखलात निवटे व खेकडे उघडे पडतात. बांधाच्या मातीत बीळ करणाऱ्या आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणाऱ्या प्राण्याला याहून सोयीची जागा सापडणे कठीण आहे.

बेटावरील प्राणी म्हटला की तो कोंडलेला असतो आणि सहज संपतो, अशी एक धारणा आहे. दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर एकच श्वानजात होती. डार्विनने १८३४ च्या सुमारास तिचा माणसाळलेपणा पाहून ती लवकरच नष्ट होईल असे भाकीत केले आणि १८७६ पर्यंत ते खरे ठरले. साष्टी त्या अर्थाने बेट नव्हते. ठाण्याजवळ खाडी अरुंद होते, कोल्ह्याला पोहता येते, आणि पुढे पूल, बांध व लोहमार्ग यांनी बेटाला मुख्य भूमीशी जोडूनच टाकले. येथील कोल्हा फॉकलंडच्या श्वानासारखा माणसाळलेलाही नव्हता, आणि दोघांच्या नशिबात पडलेल्या अंतराचे हे कारण भूगोलापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

त्याच्या मागे माणसे लागली नाहीत असे नव्हे. मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात विलायतेतील खोकडशिकारीचा खेळ येथे आणला. त्या देशातले खोकड येथे नसल्यामुळे त्याची जागा कोल्ह्याला देण्यात आली आणि विलायतेहून बोटीने आणलेले फॉक्सहाउंड जातीचे शिकारी कुत्रे पहाटेच्या गारव्यात साष्टीच्या भातखाचरांवर सोडले जाऊ लागले. पीक कापल्यानंतरची रिकामी शेते घोडदौडीला सोयीची पडत. उन्हाने आणि रोगांनी हे कुत्रे भराभर मरत आणि नवे मागवावे लागत. उटीला याच धर्तीवर कोल्ह्यांची शिकार होत असे, पण तेथे थंड हवा होती. साष्टीत हा खेळ म्हणजे हवामानाशी केलेला एक खर्चिक हट्टच होता.

ज्या सरकारचे अधिकारी कुत्र्यांवर असा खर्च करत होते, तेच सरकार शेजारच्या मुंबई बेटावर बेवारस कुत्र्यांना मारण्यासाठी डोक्यामागे आठ आणे देत होते. वर्षातील ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता; १८३२ मध्ये ती मुदत वाढवण्यात आली, बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारात शिरू लागले, आणि कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाचा संयम ६ जून रोजी सुटला. दुसऱ्या दिवशी हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली, फोर्ट व कुलाब्यातील गोऱ्यांना अन्न आणि पाणी मिळेनासे झाले, आणि लष्कर बोलवावे लागले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली, ती काही अंशी या दंग्याचीच फलश्रुती होती. गावठी कुत्र्यासाठी शहर एक दिवस बंद पडले; साष्टीतल्या कोल्ह्यासाठी कोणी हूं की चूं केले नाही.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, आणि पुढच्या दशकात पश्चिमेकडून अंधेरी-बोरिवलीमार्गे दुसरा लोहमार्ग शहरापर्यंत आला. विहार तलाव १८६० पर्यंत, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९१ मध्ये पुरा झाला. या तलावांच्या पाणलोटाचे, म्हणजे ज्या उतारांवरचे पाणी तलावात येते त्या क्षेत्राचे, रक्षण करण्याच्या गरजेतून डोंगरावरचे रान वाचले. विहारजवळ १९२९ मध्ये मारला गेलेला वाघ हा बेटावरचा शेवटचा मानला जातो. १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपरपर्यंतचा, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला. जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९६ मध्ये त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे आजचे नाव लाभले.

वाघ गेल्यावर त्या जंगलाचा धनी बिबट्या झाला, आणि श्वानकुलाच्या दृष्टीने हे सत्तांतर निर्णायक ठरले. २०१५ च्या गणनेत उद्यानात आणि भोवताली ३५ बिबटे मोजले गेले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून चितळ-सांबरांच्या बरोबरीने कुत्रा हे त्यांचे महत्त्वाचे खाद्य असल्याचे दिसले, आणि हे बिबटे वर्षाकाठी सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात व त्यामुळे माणसांना होणारे सुमारे हजार कुत्राचावे टळतात, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात मांडण्यात आला. जेथे बिबटे इतके दाट आहेत आणि कुत्रा हे त्यांचे सरावाचे भक्ष्य आहे, तेथे कुत्र्याच्याच आकाराच्या कोल्ह्याचा निभाव लागणे अवघड आहे. श्वानकुलाचा प्रतिनिधी म्हणून त्या जंगलाच्या कडेला आज मुख्यतः उरला आहे तो गावठी कुत्रा, तोही भक्ष्याच्या भूमिकेत.

कोल्हा उरला तो खाडीत. विक्रोळी, भांडुप, मुलुंड या ठाणे खाडीच्या काठावर आणि पश्चिमेला गोराई, चारकोप, मालाड, वर्सोव्याच्या तिवरांत तो आहे, हे कोळी-आगरी मंडळींना आणि मिठागरांवरच्या मजुरांना कायमच माहीत होते. शहराच्या लेखी मात्र तो कित्येक दशके अस्तित्वातच नव्हता. या काळात त्याला वाचवले ते कोणत्याही प्राणिप्रेमाने नव्हे. खारफुटीची जमीन बांधकामाला भुसभुशीत होती, मिठागरांची मालकी केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तालयाशी निगडित असल्यामुळे खटल्यांत अडकलेली होती, आणि पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडे डासांमुळे कोणी फिरकत नव्हते. निरुपयोगी ठरलेली जमीन हेच कोल्ह्याचे अभयारण्य होते. विक्रोळीतील गोदरेज वसाहतीच्या मागची खारफुटी हेतुपूर्वक राखली गेली हा सन्माननीय अपवाद. एरवी कोल्ह्याचे रक्षण दुर्लक्षाने केले.

कायद्याचे संरक्षण नंतर आले आणि तेही आधी झाडांना मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर क्षेत्रांच्या, यादीत स्थान मिळाले. यातली प्रत्येक पायरी झाडांसाठी वा पक्ष्यांसाठी होती आणि कोल्हा तिचा अनाहूत लाभार्थी होता. खुद्द त्याला २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसवण्यात आले. त्याच सुमारास आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून मुंबईतील कोल्ह्यांचा शास्त्रीय अभ्यासही सुरू झाला.

मात्र खाजणात आता तो एकटा नाही. महापालिका भटकी कुत्री मारत असे, ती पद्धत १९९४ मध्ये थांबून निर्बीजीकरण सुरू झाले. २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री मोजली गेली. वस्त्यांच्या आणि कचराभूमींच्या कडेने ही कुत्री तिवरांत शिरतात आणि आपले रोगही सोबत नेतात. चेंबूर-तुर्भे परिसरातील कोल्ह्यांत २०२४ मध्ये रेबीज आढळला आणि त्या भागात कोल्हे माणसांवर धावून गेल्याच्या घटनाही घडल्या. जगात अन्यत्र याची उदाहरणे आहेत: इथिओपियाच्या पठारावरील लांडगे, जे पाचशेच्या आसपासच उरले आहेत, पाळीव कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजच्या साथींत वारंवार बळी पडतात, आणि सेरेंगेटीच्या मैदानातून लायकॉनच्या टोळ्या १९९१ च्या सुमारास नाहीशा झाल्या त्यातही रेबीजचा हात होता. पुण्याजवळ लांडगा आणि गावठी कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकांवरून सिद्ध झाले आहे. उंबरठ्याच्या आतला भाऊ बाहेरच्या भावाला अशा रीतीने दुसऱ्यांदा भेटत आहे, आणि या भेटीत घोडे आणि फॉक्सहाउंड जे करू शकले नाहीत ते घडण्याचा संभव आहे.

जमिनीची निरुपयोगिताही आता संपत आली आहे. २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी मिठागरांची २५५.९ एकर जमीन देण्याचा निर्णय झाला, तिच्यात कांजूरच्या आर्थर मिठागराचे १२०.५ एकर, कांजूर-भांडुपच्या जेंकिन्स मिठागराचे ७६.९ एकर आणि मुलुंडच्या जामास्प मिठागराचे ५८.५ एकर आहेत. सरकारी कागदांत या जमिनींचे वर्णन मीठ उत्पादन बंद पडलेले क्षेत्र असे आहे, आणि जे पडके बांध त्या क्षेत्राची हद्द दाखवतात त्यांच्याच मातीत कोल्ह्याची बिळे असतात.